ॲल्गॉन्क्विनमध्ये पहिली कनू सफर: दोन रात्री, बेताच्या खर्चात

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या पट्ट्यातल्या मराठी माणसाला ॲल्गॉन्क्विन पार्क माहीत असतं ते बहुतेक ऑक्टोबरच्या लाल-केशरी मेपलसाठी. गाडी काढायची, हायवे ६० वर दोन-चार ठिकाणी थांबून फोटो काढायचे, हंट्सव्हिलला कॉफी प्यायची आणि अंधार पडायच्या आत परत. पण १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या पार्कचा बहुतांश भाग त्या रस्त्यावरून दिसतच नाही. सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात २,४०० हून जास्त तलाव, आणि हा रस्ता पार्कमध्ये जेमतेम ५६ किलोमीटर, तोही दक्षिणेच्या टोकातून. आत शिरायचं तर पाण्यावरून, कनू म्हणजे लांबट, अरुंद होडी वल्हवत. इथले मूळनिवासी अनिशिनाबे लोक बर्च झाडाच्या सालीच्या कनूतून याच पाण्यावर शतकानुशतकं फिरत आले. आपण आता केव्हलारच्या, म्हणजे हलक्या पण चिवट कृत्रिम धाग्याच्या, कनूतून जातो.

हे बोलणं काढलं की दोन प्रश्न हमखास येतात. परवडेल का? आणि पोहता येत नाही, तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कॅम्पिंगच्या दुकानात जायच्या आधी ठरवलंत तर परवडेल. दुकानातली 'अत्यावश्यक' यादी ऐकून घेतली तर हजार-दीड हजार डॉलर सहज उडतात आणि मग ते सामान तळघरात पडून राहतं. पहिल्या सफरीला मोठं असं काहीच विकत घेऊ नका. हात सैल सोडायचा तो फक्त तीन गोष्टींवर: हलकी कनू, अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट आणि रात्रीची ऊब. बाकी सगळं उसनं, भाड्याचं नाहीतर घरातलं.

दुसऱ्या प्रश्नाकडे पुढे येऊ.

तारीख आधी ठरवा

बर्फ साधारण एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला वितळतं आणि मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडला सगळ्यांना बाहेर पडायची घाई होते. नवख्यांनी तेव्हा जाऊ नये. हवा उबदार वाटली तरी पाणी बर्फाइतकंच गार असतं. थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी इथे १-१०-१ असा आडाखा शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वासावर ताबा मिळवायला, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. लाइफ जॅकेट नसेल तर त्या पहिल्या मिनिटातच खेळ आटोपू शकतो.

मेच्या मध्यापासून जून संपेपर्यंत काळ्या माश्या, त्यांच्या पाठोपाठ जुलैभर डास. काळी माशी चावते तेव्हा कळतही नाही, नंतर कानामागे रक्त सुकलेलं सापडतं आणि आठवडाभर खाज सुटते. लहान मुलं बरोबर असतील तर हे महिने सोडूनच द्या.

उरला काळ ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. मला विचाराल तर लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटल्यावरचे दोन आठवडे सगळ्यात चांगले. डास जवळपास संपलेले, पाणी अजून सोसवेल इतपत, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरलेली, आणि काही ठिकाणी भाड्यावर सूटही मिळते. रात्री मात्र पारा ५ अंशांपर्यंत किंवा त्याखालीही जातो, म्हणून वर 'रात्रीची ऊब' म्हटलं. शाळेची मुलं असतील तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरा.

तलाव कोणता

पहिल्या वेळेला कसोटी एकच: ज्या तलावावर कनू भाड्याने मिळते तिथूनच पाण्यात उतरायचं. मग गाडीच्या टपाला कॅरियर नको, पट्टे नकोत आणि हायवेवर १०० च्या वेगात डोक्यावरची कनू हलते आहे का, याची धाकधूक नको.

या कसोटीला दोन जागा उतरतात, कनू लेक आणि ओपिओंगो. पश्चिमेच्या गेटपासून कनू लेक १४ किलोमीटरवर आहे, ओपिओंगोचा फाटा ४६ वर. ओपिओंगो नकाशावर मोहात पाडतो, पण तो पार्कमधला सगळ्यात मोठा तलाव आहे. दुपारी वारा सुटला की तिथल्या लाटांपुढे अनुभवी लोकही किनाऱ्यावर बसून राहतात. लांबवर नेऊन सोडणारी मोटरबोट मिळते, पण तिचे पैसे वेगळे. तो पुढच्या वर्षासाठी ठेवा.

तेव्हा कनू लेक. तिथून उत्तरेला वल्हवत गेलं की दीड-दोन तासांत बंधारा लागतो. त्याच्या बाजूने २९५ मीटरची सपाट, रुंद पायवाट आहे. कनू आणि सामान उचलून ती पार केली की जो लेक. कनू लेकवर कॉटेज, मुलांचे समर कॅम्प आणि मोटरबोटी आहेत. बंधारा ओलांडल्यावर ती वर्दळ बरीच कमी होते. जो लेकवर मुक्काम करा किंवा तसंच पुढे टीपी लेकवर जा, तिथवर पुन्हा कनू उचलावी लागत नाही. दोन रात्री एकाच जागी राहायचं आणि मधल्या दिवशी रिकाम्या कनूतून हिंडायचं, हा बेत नवख्यांसाठी उत्तम. रोज तंबू मोडून नवा तलाव गाठायचा अट्टहास पहिल्या खेपेला नको.

जाताना वाटेत हेहर्स्ट पॉइंटवर चित्रकार टॉम थॉमसनचं स्मारक दिसतं. १९१७ च्या जुलैमध्ये तो याच तलावावर कनू घेऊन निघाला आणि परतला नाही, आठ दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. कनू चालवण्यात तो चांगला मुरलेला होता. नेमकं काय झालं यावर अजून वाद चालू आहे.

परवाना

आतल्या मुक्कामाचा परवाना ऑन्टारिओ पार्क्सच्या साइटवर काढायचा. बुकिंग पाच महिने आधी, सकाळी ७ वाजता उघडतं. म्हणजे १२ सप्टेंबरची जागा १२ एप्रिलपासून मिळते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारसाठी त्या मिनिटाला बसावं लागतं, लेबर डेनंतरच्या मधल्या वारांना बरेचदा आयत्या वेळीही जागा असते.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही तलाव बुक करता, त्यावरची ठरावीक जागा नाही. तिथे पोचल्यावर किनाऱ्यावर तंबूचं चित्र असलेल्या नारिंगी पाट्या दिसतात, त्यातली जी मोकळी ती तुमची. म्हणून दुपारी दोनच्या आत पोचणाऱ्याला खडकाळ टोकावरची, वारा खेळणारी जागा मिळते आणि संध्याकाळी सहाला पोचणाऱ्याला दलदलीच्या कडेची.

एका जागेवर जास्तीत जास्त ९ माणसं. आपल्याकडे बेत निघाला की तीन कुटुंबांची पाच होतात, त्यांचा भाऊ भारतातून आलेला असतो, तोही येतो. इथे ते चालत नाही. दहावा माणूस म्हणजे दुसरी जागा, दुसरा परवाना. माझ्या मते पहिल्यांदा चारच जण बरे: दोन कनू, एक तंबू, एक चूल.

हिशेब

चार मोठी माणसं, शुक्रवार ते रविवार, दोन रात्री. खालचे आकडे कॅनेडियन डॉलरमध्ये आणि ढोबळ आहेत. दर दरवर्षी सरकतात, त्यामुळे बुक करताना ताजे बघून घ्या.

परवाना माणशी रात्रीला तेराच्या आसपास धरला तर बुकिंग फीसकट सव्वाशेच्या घरात. दोन हलक्या कनू, तीन दिवस, रोजचे प्रत्येकी ५० धरून ३००. वल्ही आणि लाइफ जॅकेट सहसा त्यातच येतात, पण विचारून घ्या. टोरांटोहून जाऊन-येऊन ६०० किलोमीटर धरले तर पेट्रोलचे ८०-९०. घरून नेलेला शिधा ७०-८०. न मिळालेलं सामान भाड्याने घ्यायला शंभरेक. एकूण सातशेच्या आसपास, म्हणजे माणशी पावणेदोनशे. हंट्सव्हिलच्या बऱ्या हॉटेलात सुट्टीच्या दिवसांत एका खोलीची एक रात्र काढायची तर एवढे सहज जातात.

यात कात्री लावावीशी वाटते ती कनूच्या भाड्याला, कारण जाड प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कनू रोजी दहा-पंधरा डॉलरनी स्वस्त मिळते. तिथे हात आखडू नका. केव्हलारची कनू १८ ते २० किलोची, ती एकटा माणूस खांद्यावर घेऊ शकतो. स्वस्तातली ३० किलोच्या पुढे. ती २९५ मीटर नेल्यावर वाचवलेल्या पंधरा डॉलरचा आनंद उरत नाही.

सामान

आधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा. तंबू, गॅसची छोटी शेगडी, हेडलॅम्प, ताडपत्री या गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या गॅरेजमध्ये असतातच आणि माणसं आनंदाने देतात. स्लीपिंग बॅग मात्र उसनी घेताना तिच्यावरचा आकडा वाचा. 'कम्फर्ट' म्हणून शून्य अंश किंवा त्याखालचा आकडा हवा. उन्हाळी बॅग दिसायला सारखीच असते. खाली घालायची चटई विसरू नका. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त जमिनीतून चढते.

कपडे सुती नकोत. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. पोलिएस्टरचा टीशर्ट, लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, रेनकोट. फ्लीस व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात पाच-दहा डॉलरला मिळतो. बुटांचे दोन जोड घ्या: एक जुना, पाण्यात बुडवायचा, दुसरा तंबूपाशी कोरडा राहायचा. एक कपड्यांचा जोड आणि लोकरी मोजे काहीही झालं तरी रात्रीसाठी कोरडे ठेवायचे.

महागड्या वॉटरप्रूफ बॅगांची गरज नाही. सह्याद्रीत वापरलेली जुनी सॅक असेल ती काढा, आत बांधकामाच्या कचऱ्याची जाड काळी पिशवी घाला, सगळं सामान त्या पिशवीत, आणि तोंडाला पीळ देऊन घट्ट गाठ. कनू उलटली तरी आतलं कोरडं राहतं, आणि हवा कोंडलेली असल्यामुळे सॅक तरंगते.

ताडपत्री हवीच. तंबू थोडा गळका असला तरी निभावतं, पण पाऊस लागला आणि डोक्यावर ताडपत्री नसली की चार माणसं दिवसभर तंबूत आडवी पडून एकमेकांवर वैतागतात.

कनूत कायद्याने काही गोष्टी लागतात: माणशी एक मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट, तरंगणारा किमान १५ मीटरचा दोर, पाणी उपसायला भांडं आणि शिटी. अंधारात पाण्यावर असाल तर पाण्यात भिजली तरी चालणारी विजेरीही. भाड्याची कनू ताब्यात घेताना ही पिशवी उघडून बघा. पार्कच्या कनू मार्गांचा कागदी नकाशाही घ्या, त्यात तलावांवरच्या मुक्कामाच्या जागा आणि प्रत्येक पोर्टेजची, म्हणजे कनू उचलून न्यायच्या पायवाटेची, लांबी मीटरमध्ये दिलेली असते. आत फोन बहुतेक ठिकाणी लागत नाही. म्हणून निघण्यापूर्वी शहरातल्या एका माणसाकडे लिहून ठेवा: कोणता तलाव, गाडीचा नंबर, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळवायचं.

शिधा

सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना एक सवय असते. पायथ्याच्या गावात कुणाकडे तरी पिठलं-भाकरी मिळते, त्यामुळे सॅकमध्ये बिस्किटं आणि चिवडा असला की झालं. इथे पाण्यात उतरल्यावर चहासुद्धा स्वतःच करायचा.

कॅम्पिंगसाठी तयार मिळणारी वाळवलेल्या जेवणाची पाकिटं एकेकी बारा-पंधरा डॉलरची असतात. ती मराठी स्वयंपाकघराने घ्यावीत असं मला कधीच वाटलं नाही. आपल्याकडे हे शास्त्र आधीच पक्कं आहे. घरीच रवा भाजून, फोडणी आणि सुक्या मिरच्या घालून उपम्याचं पीठ करा. बेसन भाजून त्यात मीठ, तिखट, हळद, जिरेपूड मिसळली की पिठलं दहा मिनिटांत होतं. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, किंचित भाजून मसाल्यासकट एका पिशवीत भरा. तळ्यावर पोचल्यावर अर्धा तास भिजत टाकली की साध्या पातेल्यात खिचडी शिजते, कुकर लागत नाही. पहिल्या दोन दिवसांच्या दुपारला दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. एका जेवणाची एक पिशवी, वर वार आणि वेळ लिहायची. 'शुक्र रात्र', 'शनी सकाळ'. असं केलं की जास्तीचं ओझं आपोआप गळतं.

गॅसचा २३० ग्रॅमचा एक सिलिंडर आणि एक राखीव चौघांना दोन दिवस पुरतो. आतल्या भागात खाण्यापिण्याचे टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. गॅसचा सिलिंडर चालतो, पण लोणच्याची काचेची बरणी, नारळाच्या दुधाचा टिन आणि बिअरचे कॅन घरीच राहतील. लोणचं प्लास्टिकच्या डबीत, तीही दोन पिशव्यांत गुंडाळून. लोणच्याचं तेल स्लीपिंग बॅगला लागलं तर बॅग उसनी देणाऱ्याशी संबंध बिघडतील ते वेगळंच, रात्री अस्वलही चौकशीला येईल.

पाण्यावर

आता पोहण्याचं. आपल्यातल्या अनेक मोठ्या माणसांना पोहता येत नाही. माझं मत असं की न येणाऱ्यानेही जावं, तीन अटींवर. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच चढवायचं आणि किनाऱ्यावरच काढायचं, मधे 'उकडतंय' म्हणून नाही. एका कनूत दोघेही न पोहणारे नकोत. आणि सफरीच्या आधी उन्हाळ्यात एकदा, शहराजवळच्या एखाद्या तळ्यावर तासाभरासाठी कनू भाड्याने घेऊन, छातीभर पाण्यात ती मुद्दाम उलटवून बघायची. जॅकेट आपल्याला वर ठेवतं हे अंगाला एकदा कळलं की पाण्याची निम्मी भीती जाते.

कनू उलटते ती बहुतेक वेळा किनाऱ्याजवळ, चढता-उतरताना. ती तरंगत असतानाच चढायचं, खडकावर अर्धी टेकवून नाही. घोटाभर पाण्यात उभं राहा, कमरेत वाका, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरा आणि पहिलं पाऊल बरोबर मधल्या रेषेवर टाका. मग बसा. उभं राहून फोटो काढायचा विचारही नको. वजनदार माणूस मागे, हलका पुढे, सॅका मध्ये तळाशी. लाटा वाढल्या तर बाकावरून खाली गुडघ्यांवर या, तोल लगेच सुधारतो.

पुढच्याचं काम वेग देणं, दिशा देणारा मागचा. मागचा डाव्या बाजूने वल्हवत राहिला की नाक हळूहळू उजवीकडे वळतं आणि नवखे लोक दर चार फटक्यांनी बाजू बदलत नागमोडी जातात. त्यावर एक फटका शिका. वल्हं नेहमीसारखं मागे ओढा, ते कमरेपाशी आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवा, म्हणजे वल्ह्याचं पातं कनूला समांतर होतं, आणि शेवटी पाणी कनूपासून बाहेर थोडंसं ढकला. फटक्याचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा होतो. पहिल्या तासाला जमणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अचानक कनू सरळ जायला लागते आणि मागे बसलेला माणूस सगळ्यांना ते सांगतो.

किनाऱ्याला धरून चला, तलावाच्या मधून कापू नका. वारा बहुधा दुपारी वाढतो, म्हणून सकाळी लवकर निघा. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की किनारा गाठून थांबायचं. विजा चमकल्या की लगेच पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वाट बघायची.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला टोरांटो सोडलं तर नऊच्या सुमाराला कनू लेकवर पोचता येतं, अकराला पाण्यात, आणि दोनच्या आत जो लेकवर.

कनू उचलणं

पोर्टेजची पाटी पिवळी असते. तिथे पोचल्यावर सगळं उतरवा आणि वाट अडवू नका, मागून दुसरे येत असतात. कनूच्या मध्यावर लाकडाचं आडवं जू असतं, ते दोन्ही खांद्यांवर टेकतं. पहिल्यांदा दोघांनी मिळून उचला: एकाने पुढचं टोक डोक्यावर उंच धरायचं, मागचं टोक जमिनीवरच, दुसऱ्याने खाली शिरून जू खांद्यावर घ्यायचं आणि मग पहिल्याने सोडायचं. समोरचं टोक किंचित वर ठेवा, नाहीतर स्वतःचे बूट सोडून काही दिसत नाही.

सामान आणि कनू एकदम नेणं जमलं नाही तर दोन खेपा करा, पण मग २९५ मीटरचे जवळपास ९०० मीटर होतात, कारण मधे रिकाम्या हाताने परत यावं लागतं. नकाशावर पुढच्या वर्षीची स्वप्नं रंगवताना हा तिपटीचा हिशेब धरा. सुटं सामान, हातात लोंबणाऱ्या पिशव्या, वेगळी पाण्याची बाटली, यांनीच खेपा वाढतात. सगळं सॅकच्या आत.

मुक्काम

नारिंगी पाटीच्या जागेवर कनू खडकावर ओढू नका, केव्हलार चिरतं आणि दुरुस्तीचे पैसे तुमच्या ठेवीतून जातात. उचलून जमिनीवर उलटी ठेवा आणि झाडाला बांधा. रात्री वाऱ्याने कनू गेली तर सकाळी तुम्ही तिथेच.

तंबूच्या आधी वर बघा. वाळलेली फांदी किंवा उभं मेलेलं झाड डोक्यावर असेल तर जागा बदला. मग ताडपत्री, मग तंबू, आणि अंधार पडायच्या आत अन्न टांगायचा दोर.

पार्कमध्ये काळी अस्वलं आहेत. त्यांना तुमच्यात रस नाही, तुमच्या पिशवीत आहे. सगळं अन्न, कचरा, टूथपेस्ट, साबण, लिपबाम, एका सॅकमध्ये घालून दोन झाडांच्या मधे किंवा भक्कम फांदीवरून टांगायचं: जमिनीपासून निदान ४ मीटर वर आणि खोडापासून निदान २ मीटर लांब, तंबूपासून दूर. दोराला दगड बांधून फांदीवरून फेकणं हा मुलांचा आवडता कार्यक्रम होतो, फक्त खाली कुणी उभं नको. तंबूत काही म्हणजे काहीही खाऊ नका, खडीसाखरसुद्धा नाही. आणि हिंग-लसणाची खमंग फोडणी घरीच उरकून या. अस्वल दिसलंच तर पळायचं नाही. एकत्र उभे राहा, मोठ्याने बोला आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका.

तलावाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. खळखळून १ मिनिट उकळा किंवा फिल्टर वापरा. फिल्टर विकत घ्यायची गोष्ट नाही, तो उसना मिळतो. उकळण्यात गॅस जातो, म्हणून रात्रीच्या निखाऱ्यांवर पातेलं ठेवून सकाळचं पाणी करून घ्या.

शेकोटी फक्त दगडांनी आखलेल्या जागेत, आणि आग बंदी आहे का ते निघायच्या दिवशी तपासूनच. लाकूड घरून आणू नका, त्यातून किडे जंगलात पसरतात. जमिनीवर पडलेल्या, मनगटाहून बारीक काटक्या गोळा करा, जिवंत बर्चची साल ओढू नका. झोपताना शेकोटीवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, राखेत हात घालता आला पाहिजे. भांडी तलावात धुवायची नाहीत. पाणी तीसेक मीटर आत नेऊन तिथे धुवा.

संडास म्हणजे आडबाजूच्या पायवाटेच्या शेवटी ठेवलेली झाकणाची लाकडी पेटी. भिंती नाहीत, दार नाही. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. सोय एवढीच करायची की वाटेच्या तोंडाशी एक लाल फडकं टांगायचं: फडकं दिसलं की आत कुणीतरी आहे.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. पाण्यावरून आवाज फार लांब जातो आणि समोरच्या किनाऱ्यावरचे लोक लून पक्ष्याची हाक ऐकायला आलेले असतात, तोच पक्षी जो इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे.

परतीचा दिवस

रविवारी सकाळी वारा सुटायच्या आत निघा. जागा सोडण्यापूर्वी एकाने रिकाम्या हाताने पूर्ण फेरी मारायची: तंबूचे खिळे, दोराचे तुकडे, चहाच्या पिशव्या. कचरा सगळा बरोबर, शेकोटीत अर्धवट जळालेला चांदीचा कागदसुद्धा. कनू परत करताना तिच्यावरचे ओरखडे दुकानातल्या माणसासमोरच बघा. घेताना तिचे फोटो काढून ठेवले असतील तर बोलणं दोन मिनिटांत संपतं.

मग शहरातल्या त्या माणसाला फोन करा. हायवेवर रेंज तुटक असते, हंट्सव्हिलजवळ नक्की लागते. घरी आल्यावर कितीही दमला असलात तरी तंबू त्याच रात्री गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत पसरून वाळत घाला. ओला गुंडाळून ठेवला तर आठवडाभरात बुरशीचा वास धरतो, आणि उसना आणलेला तंबू तसा परत केला तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही.